जर्मनीत मुलाला शाळेत घालताना

नोकरी पक्की झाली, व्हिसाची तारीख मिळाली की जर्मनीला निघालेले मराठी आईबाप पहिला प्रश्न विचारतात: तिथे चांगली शाळा कोणती? मीही विचारला होता. जिला विचारला ती हसून म्हणाली, "आधी घर शोधा, शाळा घराबरोबर येते." तेव्हा वाटलं, बाई उत्तर टाळतेय. पण प्राथमिक शाळेपुरतं ते बव्हंशी खरं निघालं. सरकारी शाळेला फी नाही, देणगी नाही, पालकांची मुलाखत नाही, पहाटेपासून अर्जासाठी रांग नाही. त्याऐवजी एक दिवस पत्रपेटीत पत्र पडतं. ते वेळेवर येतं, त्यात सगळं लिहिलेलं असतं, फक्त ते जर्मनमध्ये असतं आणि त्यातली तारीख कुणी पुढे ढकलत नाही. तेव्हा नव्याने येणाऱ्यांसाठी हे सगळं त्या पत्रांच्या क्रमानेच सांगतो.

आधी राज्य कोणतं ते पाहा

'जर्मनीतली शाळा' अशी एक वस्तू नाही. देशात १६ राज्यं आणि शिक्षण हा राज्यांचा विषय, त्यामुळे शाळेचा कायदा १६ प्रकारचा. सगळ्या शिक्षणमंत्र्यांची एक परिषद १९४८ पासून आहे. एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालावं, इतपत मेळ ती राखते. बाकी पुस्तकं, सुट्ट्या, चौथीनंतरचे नियम, शाळांची नावंसुद्धा वेगवेगळी. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, इतरत्र चौथीपर्यंत. त्यामुळे बर्लिनच्या मावशीने फोनवर दिलेला सल्ला म्युनिकमध्ये उपयोगाचा असेलच असं नाही. कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, 'हे कुठल्या राज्यातलं?' आम्ही बव्हेरियात राहतो, म्हणून माझी बरीच उदाहरणं तिथली आहेत. नियमांच्या बाबतीत हे राज्य कडकांपैकी गणलं जातं, हेही लक्षात ठेवा.

सगळीकडे सारखी असलेली गोष्ट म्हणजे 'शुलफ्लिश्ट', शाळेची सक्ती. साधारण सहाव्या वर्षी ती सुरू होते आणि ती शिक्षणाची नाही, शाळेत हजर राहण्याची सक्ती आहे. घरी बसवून शिकवायची मुभा इथे नाही. 'सहा महिन्यांसाठीच आलोय, तेवढ्यात कशाला शाळा' असा हिशेब करून चालत नाही. महापालिकेत पत्त्याची नोंद झाली की मूल सक्तीच्या वयाचं आहे हे प्रशासनाला कळतं.

वय, नोंदणी आणि कागद

पहिलीत कधी घालायचं हे तारखेवर ठरतं. नॉर्डराइन-वेस्टफालेन आणि बर्लिनमध्ये ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल त्याच वर्षी पहिलीत जातं. बव्हेरियात ही रेघ ३० जूनला आहे, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबरमध्ये सहावं पूर्ण होणाऱ्यांच्या बाबतीत निर्णय पालकांवर सोडलेला आहे. आमचा धाकटा ऑगस्टमधला. मराठी मनाला एक वर्ष 'वाया' जाणं सहन होत नाही. आम्ही बरीच ओढाताण केली आणि शेवटी त्याला एक वर्ष थांबवलं. इथे त्याकडे कुणी मागे पडणं म्हणून पाहत नाही. भाषा नवीन असेल तर किंडरगार्टनमधलं ते जास्तीचं वर्ष फार कामी येतं, असं माझं मत आहे.

किंडरगार्टन किंवा 'किटा' हा शाळेचा भाग नाही आणि सक्तीचाही नाही. मूल एक वर्षाचं झालं की जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यात आहे. मोठ्या शहरांत तो हक्क आणि प्रत्यक्षातली जागा यांच्यामध्ये प्रतीक्षायादी उभी असते. म्हणून तीन-चार वर्षांचं मूल घेऊन येत असाल तर शाळेपेक्षा किटाची धावपळ आधी करा. जर्मन भाषा मुलं तिथेच उचलतात, वाळूच्या खड्ड्यात बसून, शिकवणीशिवाय.

शाळेची नोंदणी बरीच आधी होते: नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, बव्हेरियात त्याच वर्षी मार्चच्या सुमारास. बव्हेरियात प्राथमिक शाळा, म्हणजे 'ग्रुंडशुले', पत्त्यावरून ठरते. कुठली गल्ली कुठल्या शाळेच्या हद्दीत येते याची यादीच असते. नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये पालकांना पसंती सांगता येते. मुलं वर्षाच्या मध्येच आणली असतील तर पत्राची वाट पाहू नका. पत्त्याची नोंद झाली की तो कागद घेऊन जवळच्या शाळेच्या कचेरीत जा, किंवा शहराच्या शिक्षण खात्याला विचारा.

बरोबर काय न्यायचं: पत्त्याच्या नोंदीचा दाखला, मुलाचा पासपोर्ट, जन्मदाखला, लसीकरणाचं पुस्तक आणि मूल शाळेत जात असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांची गुणपत्रकं. जन्मदाखला आणि गुणपत्रकं यांचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर करून घेतलेलं बरं. लसींपैकी गोवरची नोंद सगळ्यात महत्त्वाची. १ मार्च २०२० पासून गोवरच्या दोन मात्रांचा पुरावा शाळेला आणि किटाला द्यावाच लागतो. आपल्याकडच्या लसीकरणाच्या कार्डावर हाताने लिहिलेल्या नोंदी असतात, अक्षर डॉक्टरांचं असतं. निघण्याआधीच त्या स्वच्छ करून, शिक्का मारून आणा. शाळा सोडल्याचा दाखला इथे फारसा कुणी मागत नाही, पण तो घेऊन ठेवा. परत गेल्यावर त्याच्याशिवाय पान हलत नाही.

पहिलीआधी आरोग्य खात्याकडून एक तपासणी होते. डोळे, कान, तोल, बोलणं, थोडं चित्र काढणं, थोडं मोजणं. एका पायावर उड्या मारायला लावतात. ही प्रवेशपरीक्षा नव्हे, तेव्हा कृपा करून मुलाला तीस दिवस आधीपासून पाठांतर करून घेऊ नका. मूल जर्मन बोलत नसेल तर तसं आधीच सांगा. 'भाषा येत नाही' आणि 'समजायला जड जातं' या दोन गोष्टी वेगळ्या नोंदल्या गेल्या पाहिजेत. पुढे कधी विशेष गरजांच्या शाळेचा विषय निघाला तर हाच फरक कळीचा ठरतो. तिथे सही करण्याआधी तपासणी कोणत्या भाषेत झाली ते जरूर विचारा.

पहिला दिवस आणि दप्तराचं प्रकरण

पहिलीचा पहिला दिवस इथे लग्नासारखा साजरा होतो. आजी-आजोबा दुसऱ्या गावांहून येतात. मुलाच्या हातात त्याच्याच उंचीला येईल असा पुठ्ठ्याचा शंकू असतो, 'शुलट्यूटे'. त्यात चॉकलेटं, पेन्सिली, छोटी खेळणी. शाळा तो देत नाही, आईबापांनी करायचा किंवा आणायचा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे त्या दिवशी रिकाम्या हाताने उभं राहिलेलं मूल मी पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

पहिलीचं दप्तर इथे ताठ पाठीचं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं असतं आणि नव्या संचाची किंमत सहज २०० युरोंच्या वर जाते. जुन्या वस्तूंच्या बाजारात ती छान मिळतात, लाज वाटायचं कारण नाही. शाळा सामानाची यादी पाठवते आणि ती अगदी काटेकोर असते: कुठल्या विषयाला कुठल्या रंगाची फाइल, कुठल्या रेघांची वही, पेन्सिलचा जाडपणा. गणिताला निळी म्हटलं की निळीच. वर्गात घालायला सपाता, व्यायामाची पिशवी, डबा. पुढे शाईचं पेन येतं आणि मग शर्टांचा रंग बदलतो.

आणखी एक: मुलाने शाळेत चालत यावं, काही दिवसांनी एकट्याने यावं, अशी शाळेची अपेक्षा असते. गाडीतून दारात सोडणाऱ्या पालकांना 'आईबाप टॅक्सी' असं चिडवतात. तिसरी-चौथीत पोहणं शिकवतात, चौथीत पोलिसांच्या देखरेखीखाली सायकलची परीक्षा असते. गणितात मागे असलेलं मूल चालेल पण सायकल न येणारं मूल इथे वर्गात एकटं पडतं. हे मी अर्धं गंमतीत म्हणतोय.

दुपारचं काय

दोघंही नोकरी करणार असाल तर हा भाग चुकवू नका. शाळा आठच्या सुमारास सुरू होते आणि पहिलीचं मूल कधी साडेअकराला, कधी एकला मोकळं होतं. पुढचे तास सांभाळणारी वेगळी व्यवस्था असते. तिला कुठे 'होर्ट' म्हणतात, नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये शाळेतच चालणारी 'ओ-गे-एस' असते, बव्हेरियात 'मिटाग्सबेट्रॉयुंग'. तिथे जेवण, गृहपाठ, खेळ. जेवणाचे पैसे द्यावे लागतात, बरेचदा सांभाळण्याचेही. पूर्ण शाकाहारी असाल तर ते अर्जातच लिहा. 'मांस नको' म्हटल्यावर मासे वाढणारी स्वयंपाकघरं आहेत.

१ ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांना दिवसाला आठ तास, आठवड्याचे पाच दिवस, अशी सोय मिळण्याचा कायदेशीर हक्क सुरू होतो. दरवर्षी एकेक वर्ग वाढत २०२९-३० मध्ये तो चौथीपर्यंत पोचेल. हक्क कागदावर असला तरी अर्ज मात्र शाळेच्या नोंदणीबरोबरच, त्याच दिवशी करून टाका.

गुण उलटे, आणि बोट वर

इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सपशेल नापास. ४ पर्यंत पास. पहिल्या एक-दोन वर्षांत आकड्यांऐवजी शब्दांत लिहिलेला अहवाल असतो. आमच्या थोरलीने आजीला फोनवर सांगितलं, "गणितात एक मिळाला!" पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "असू दे हं बाळा, पुढच्या वेळी जास्त पडतील."

पण खरा धक्का वेगळा आहे. गुण फक्त लेखी परीक्षेवर मिळत नाहीत. वर्गात मूल किती बोलतं, प्रश्न विचारतं, मत मांडतं, याचे 'तोंडी' गुण असतात आणि वरच्या वर्गांत काही विषयांत ते लेखी परीक्षेच्या बरोबरीने मोजले जातात. बोलायचं असलं की मुलं तर्जनी वर करतात. आपल्याकडे गप्प बसणारं मूल शहाणं. इथे तेच मूल पेपरात १ आणि प्रगतिपुस्तकात ३ घेऊन घरी येतं आणि आईबाप चक्रावतात. आम्ही एकदा तावातावाने भेटायला गेलो. शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "तिला सगळं येतं, हे मला फक्त कागदावरून कळतं." त्यानंतर आम्ही घरी नियम केला: रोज प्रत्येक विषयात एकदा बोट वर. उत्तर चुकलं तरी चालेल. वर्षभरात फरक पडला. शिकवणी लावण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

एखादं मूल त्याच वर्गात पुन्हा बसलं तर त्याचाही फार गवगवा होत नाही. मोठमोठे लोक जेवताना सहज सांगतात, मी आठवीत राहिलो होतो.

चौथी

आता येतो तो भाग ज्याच्यामुळे मराठी घरांत झोप उडते. चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचं असताना, वाटा फुटतात.

'गिम्नाझियुम' म्हणजे बारावी किंवा तेरावीपर्यंत नेऊन 'आबिटूर' ही शालान्त परीक्षा देणारी शाळा. 'रेआलशुले' दहावीपर्यंत, मधली वाट. 'हाउप्टशुले', जिला बव्हेरियात 'मिटलशुले' म्हणतात, ती नववी-दहावीपर्यंत आणि कामधंद्याच्या शिक्षणाकडे अधिक झुकलेली. या सगळ्यांना एका छपराखाली ठेवणारी 'गेझाम्टशुले' बऱ्याच राज्यांत आहे, बव्हेरियात मोजकीच. हाम्बुर्गमध्ये चौथीनंतर दोनच प्रकार: गिम्नाझियुम आणि 'श्टाटटाइलशुले', आणि दोन्हींतून आबिटूर होते.

बव्हेरियात कोण कुठे जाणार हे मे महिन्यात मिळणाऱ्या एका प्रगतिपुस्तकावर ठरतं. त्यात तीनच विषयांची सरासरी धरतात: जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत रेआलशुले. सोप्या हिशेबात, तीन विषयांच्या गुणांची बेरीज सातपर्यंत किंवा आठपर्यंत. दोन-दोन-तीन चालतं, दोन-तीन-तीनला एक पायरी खाली. बेरीज बसली नाही तर हव्या त्या शाळेत तीन दिवसांचे चाचणीवर्ग देता येतात, जर्मन आणि गणिताचे. आणि ही ओळ अधोरेखित करा: ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हते, अशा मुलांना जर्मनमधली कमतरता पुढे भरून निघेल असं शाळेला वाटलं, तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही गिम्नाझियुमची शिफारस मिळू शकते. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. चौथीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेकडे विषय काढा.

नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये शाळा शिफारस करते पण शेवटचा शब्द पालकांचा. तरी हुरळून जाऊ नका. पाचवी-सहावी हा तिथे पारखण्याचा काळ असतो, आणि सहावीनंतर मूल तिथे टिकत नाही असं शिक्षकांच्या सभेने ठरवलं तर त्याला दुसऱ्या शाळेत जावं लागतं. बारा वर्षांच्या मुलाला तो घाव जास्त लागतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये निवड बरीच वर्षं पालकांवर सोडली होती. आता ती पुन्हा आवळली आहे.

दहाव्या वर्षी असं वाटे पाडणं बरोबर आहे का? जर्मन लोकही यावर कडाकडा भांडतात. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणीचे निकाल आले तेव्हा जर्मनी सरासरीच्या खाली होती, आणि त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे मुलाची कामगिरी आईबापांच्या परिस्थितीला इतकी बांधलेली होती की देशभर खळबळ उडाली. तेव्हापासून पूर्ण दिवसाच्या शाळा, लवकर भाषा शिकवणं, एकत्र शाळा, असं बरंच झालं. चौथीची फाटाफूट बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. माझं स्वतःचं मत, दहा हे वय फार लवकर आहे. पण त्यातून बाहेर पडायच्या वाटा आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, आणि मराठी पालकांना नेमक्या त्याच ठाऊक नसतात.

मागची दारं

रेआलशुलेची दहावी झाली की 'मिटलेरे राइफे' हे प्रमाणपत्र मिळतं. त्यावर 'फाखओबरशुले'त जाऊन बारावीला प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उपयोजित विद्यापीठाचं दार उघडतं, आणि तेरावी व दुसरी परकीय भाषा पूर्ण केली तर कुठल्याही विद्यापीठाचं. मिटलशुलेतही चांगली मुलं दहावीला हेच प्रमाणपत्र मिळवतात. म्हणजे गिम्नाझियुमला न गेलेलं मूल इंजिनिअर होऊ शकतं, आणि होतात. आमच्या ओळखीतला एक मुलगा दहाव्या वर्षी 'नापास' म्हणून घरात हळहळीचा विषय झाला होता. आज तो यंत्र अभियांत्रिकी शिकतोय आणि हळहळणारे काका त्याच्याकडून वॉशिंग मशीन दुरुस्त करून घेतात.

दुसरं दार 'आउसबिल्डुंग'चं. आठवड्याचे एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकीचे दिवस कंपनीत काम, दोन ते साडेतीन वर्षं. तीनशेहून अधिक मान्य व्यवसाय त्यात आहेत: मेकॅट्रॉनिक्सपासून बँकेपर्यंत, चष्मे बनवण्यापासून बेकरीपर्यंत. पगार मिळतो, २०२० पासून त्याला किमान मर्यादा आहे, तेव्हा पहिल्या वर्षी महिना ५१५ युरो, २०२५ मध्ये ६८२. पुढे 'माइस्टर', म्हणजे त्या व्यवसायातला प्रमाणित उस्ताद, झालं की ती पात्रता देशाच्या चौकटीत पदवीच्या पातळीची धरतात आणि त्यावर विद्यापीठातही जाता येतं. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की नाकं मुरडतात, ते चष्मे इथे काढून ठेवावे लागतात. आठवी-नववीत प्रत्येक मुलाला कुठल्यातरी कामाच्या ठिकाणी एक-दोन आठवडे पाठवतात. जागा मुलाने स्वतः फोन करून शोधायची असते. तो फोन तुम्ही करू नका.

गिम्नाझियुमबद्दल एवढंच: पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांनी मध्यंतरी ते बारावीपर्यंतचं केलं आणि मग पुन्हा तेरावीवर आले, सॅक्सनी आणि थ्युरिंगियात बारावीच. शेवटच्या दोन वर्षांत गुण ० ते १५ असे होतात आणि तिथे १५ सर्वोत्तम, म्हणजे पुन्हा सुलट. आबिटूर ९०० गुणांची. त्यातले ६०० त्या दोन वर्षांच्या अभ्यासाचे, ३०० शेवटच्या परीक्षांचे. पास व्हायला ३०० लागतात. शेवटच्या महिन्यात रात्र जागवून उचलून नेण्यासारखं इथे फार उरत नाही.

मोठं मूल घेऊन येत असाल

सहावी-सातवीपर्यंतचं मूल सहसा निभावतं. भाषा येत नसलेल्यांसाठी वेगळे वर्ग असतात: बर्लिनमध्ये 'विलकोमेन्सक्लासे', बव्हेरियात 'डॉइचक्लासे', इतरत्र आणखी काही नावं. काही शाळांत मूल थेट नेहमीच्या वर्गात बसतं आणि रोज काही तास जर्मनला वेगळं जातं. संगीत, खेळ, गणितासाठी लवकरात लवकर नेहमीच्या वर्गात बसवा अशी विनंती करा. भाषा मधल्या सुट्टीत येते.

आठवी ते दहावीतलं मूल असेल तर नीट विचार करा. आबिटूरला दोन परकीय भाषा लागतात, आणि त्याचे वर्गमित्र सहावी-सातवीपासून फ्रेंच किंवा लॅटिन शिकत असतात. काही राज्यांत दुसऱ्या परकीय भाषेऐवजी मातृभाषेची परीक्षा घेतात. कुठल्या भाषेला परीक्षक मिळतो ते शिक्षण खात्याला लेखी विचारा. सोळा-सतराच्या मुलांना बरेचदा व्यवसायशाळेतल्या भाषावर्गात घालतात. अकरावी-बारावीच्या मध्ये आणणं सगळ्यात अवघड. भारतातच बारावी करून मग इथे, असं ठरवलंत तर एक ध्यानात ठेवा: नुसत्या बारावीवर इथल्या विद्यापीठात थेट प्रवेश सहसा मिळत नाही. 'श्टुडिएनकोलेग' या विद्यापीठाआधीच्या तयारीच्या वर्गाचं एक वर्ष, किंवा भारतात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे केलेलं, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, असं काहीतरी जोडीला लागतं. आंतरराष्ट्रीय शाळा हा इंग्रजीतला पर्याय आहे, पण फी वर्षाला हजारो युरो. कंपनी भरत असेल तरच.

सुट्ट्या, आजारपण आणि विमानाची तिकिटं

वर्षाला ७५ दिवस सुट्टी, शनिवार धरून, सगळ्या राज्यांत सारखी. उन्हाळ्याचे सहा आठवडे मात्र राज्याराज्यांत वेगळ्या तारखांना येतात, म्हणजे सगळा देश एकदम रस्त्यावर उतरत नाही. बव्हेरियाची सुट्टी जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यात आमचा फायदा असा की बऱ्याच वर्षी गणपती सुट्टीत बसतात. नॉर्डराइन-वेस्टफालेनवाल्यांना हे भाग्य नाही.

तिकीट स्वस्त म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी निघणं हा आपला आवडता उद्योग. तो करू नका. २०१८ मध्ये बव्हेरियातल्या विमानतळावर पोलिसांनी अशी कुटुंबं पकडली आणि त्याच्या बातम्या झाल्या. दंड होतो. खरंच कारण असेल, घरचं लग्न, कुणाचं आजारपण, तर मुख्याध्यापकांना आधी अर्ज करा. योग्य कारणाला परवानगी मिळते. दिवाळीसाठीही विचारायला हरकत नाही.

मूल आजारी असेल तर शाळा सुरू होण्याआधी कळवायचं, फोनवर किंवा शाळेच्या अ‍ॅपवर. लहान मूल न कळवता आलं नाही तर शाळा फोन करते, आणि घरी कुणी उचललं नाही तर पोलिसांनाही सांगते. आमच्या दारात एकदा ते येऊन गेले आहेत. मूल तापाने झोपलं होतं, फोन सायलेंटवर होता.

पालकसभा

वर्षाच्या सुरुवातीला संध्याकाळी 'एल्टर्नआबेंड' असते. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसायचं असतं. वर्गाचे पालक-प्रतिनिधी निवडायची वेळ आली की सगळे टेबलाकडे पाहू लागतात. जर्मन अर्धवट कळत असलं तरी या सभेला जा. सहलीचे पैसे, पोहण्याचे दिवस, चाचण्यांची पद्धत, सगळं तिथे सांगतात. एकट्याने शिक्षकांशी बोलायचा दिवस वेगळा असतो, 'एल्टर्नश्प्रेशटाग', आणि तिथे दहा-पंधरा मिनिटं मिळतात. प्रश्न लिहून न्या. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मिळेल का हे आधी विचारा, पण मुलालाच दुभाषा करू नका. आमच्या कन्येने एकदा आपल्याबद्दलची तक्रार भाषांतरात गाळली होती.

शाळेच्या जत्रेला केक करून न्यायची यादी फिरते. आम्ही रव्याचा केक नेतो, संपतो. कमी उत्पन्न असलेल्या, घरभाड्याचा सरकारी भत्ता मिळणाऱ्या कुटुंबांना सहल, जेवण, वह्या-पुस्तकांसाठी मदत मिळते. तीही अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

घरच्या भाषेचा प्रश्न शिक्षकांशी झालेल्या पहिल्याच भेटीत निघाला होता. आम्ही वर्गशिक्षिकेला विचारलं, आता घरीही जर्मनच बोलायचं का? त्या म्हणाल्या, तुमचं मोडकं जर्मन मुलाला शिकवू नका, ते मी बघते; तुम्ही तुमच्या भाषेत त्याला गोष्टी सांगा. काही शहरांत मराठी मंडळी शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग चालवतात. गोष्टींची पुस्तकं मात्र इथे दुकानात मिळत नाहीत. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दोन सांगतो, आणि लोकही चिवड्याशेजारी तेवढी जागा करतात.